सुपीक खिडकी

मुळशीच्या दूध डेअरीवर सकाळी साडेसहाला पहिली किटली येते. त्याच्या पाच मिनिटं आधी हेमलता आलेली असते. शटर वर, फॅटचं मशीन चालू, वही उघडी. 'फॅट चार-दोन, डिग्री अठ्ठावीस,' असं दुधाचा कस आणि दाटपणा ती एका सुरात सांगते. गाईच्या दुधाला तोच सूर, म्हशीच्या दुधाला तोच, आणि विहिरीवरून येताना पाणी घातलेल्या दुधालाही तोच. पाणी घालणाऱ्याला तिनं चार शब्द सुनवावेत अशी रांगेतल्या लोकांची फार इच्छा असते. पण ती आकडा सांगते आणि किटली पुढे सरकवते. नऊ वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही.

तिचं माहेर कासारसाई. बी.कॉम. झाली तेव्हा तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये चिकटल्या. हेमलता मुळशीला आली, कारण स्थळ चांगलं होतं. सासरच्या पणजोबांच्या काळात जमीन धरणात गेली ती गेली, तरी भाताची चार-पाच खाचरं राहिली होती. एकुलता एक मुलगा, नाव शैलेश, हातात वायरिंगचं काम, आणि आजूबाजूला रोज नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. सासरा नाही, सासू एकटी. नाव ठेवायला जागा नव्हती.

लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मूल नव्हतं. सुरुवातीला बायका विचारायच्या. मग सुचवायला लागल्या, अमक्या गावचा वैद्य, तमक्या गावचा पाला. पुढेपुढे त्यांनी विचारणंही सोडलं, आणि हेमलता आली की बारशाच्या गप्पा मध्येच पावसापाण्यावर वळायला लागल्या. ते तिला फार लागायचं. आता तेही लागेनासं झालं होतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं. दुखत नाही म्हणून बरं म्हणावं, तर चवही कळत नाही. ती हसायची, स्वयंपाक करायची, हळदीकुंकवाला जायची, पण सगळं जरा लांबून.

बावधनच्या डॉक्टर स्वरदा मॅडमनी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं. शैलेशचं सगळं ठीक आहे. हेमलताचं वय चौतीस, पण बीजांचा साठा वयाच्या मानानं बराच कमी झालाय. 'सहा पाळ्या आपण नीट दिवस धरून प्रयत्न करू. नाही झालं तर वेळ न घालवता टेस्ट ट्यूब.' परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता शैलेश म्हणाला, 'ते सुया-बियांचं मला पटत न्हाई, हेमा. सहा महिन्यांत व्हायचं तर हुईल. न्हाईतर न्हाई.' तो रागानं बोलला नव्हता. त्यामुळे त्याच्याशी वाद घालायलाही काही हाताशी लागलं नाही. सहा पाळ्या, एवढं मात्र दोघांच्या डोक्यात पक्कं बसलं.

दिवस धरायचे म्हणून मॅडमनी मनगटावर बांधायचा एक काळा पट्टा दिला. तो रात्री झोपताना बांधायचा. झोपेत अंगाची ऊब, नाडी, श्वास हे सगळं तो टिपून घेतो आणि सकाळी फोनवर सांगतो, कुठल्या दिवसांत दिवस राहण्याचा संभव आहे. त्या तारखांवर हिरवा ठिपका येतो. त्या दिवशी नवरा-बायको एकत्र आली असतील तर तारखेवर बोट दाबून एक लहानसं लाल बदाम लावायचं. हेमलताला आकड्यांची सवयच होती. तिनं पहिल्या आठवड्यात सगळं समजून घेतलं.

ॲपमध्ये भाषा मराठी निवडता येत होती. ती कुणी मराठी माणसानं लिहिलेली नसावी. पहिल्या महिन्यात, हिरवा ठिपका आला त्या सकाळी फोनवर ओळ आली: 'अभिनंदन. आज तुमची सुपीक खिडकी उघडली आहे.' हेमलतानं ती दोनदा वाचली आणि शैलेशला दाखवली. तो दात घासत होता. त्याला इतकं हसू आलं की पेस्ट शर्टावर सांडली. 'सुपीक खिडकी,' तो म्हणाला, 'आन् दार कसलं, बागायती का जिरायती?' हेमलताही हसली. किती दिवसांनी दोघं एका गोष्टीला हसली होती, ते तिच्या नंतर लक्षात आलं.

तेव्हापासून खिडकी हा त्यांचा शब्द झाला. त्या गोष्टीला आपल्याकडे घरात बोलायचा शब्दच नाही. गाईचं तसं नसतं. डेअरीच्या ओट्यावर बसून बाप्ये खुशाल सांगतात, कुणाची गाय माजावर आली, कुणाची वळूकडून भरवली, कुणाची फळून गाभण राहिली, कुणाची न राहता पुन्हा उलटली. शेजारी सून उभी असो की सासू, कुणाला काही वाटत नाही. बाईचं मात्र 'तसलं' आणि 'ते' यांच्यावर भागवावं लागतं. त्यामुळे खिडकीनं मोठी सोय झाली. सासू समोर भाकरी थापत असली तरी हेमलता म्हणू शकत होती, 'खिडकी उघडली हाय बरं का,' आणि शैलेश म्हणायचा, 'बघतो सांजच्याला.'

सकाळच्या घाईत पट्टा कधी कधी हातातच राहायचा. त्याचं कारण तिनं गावात बीपी सांगितलं होतं. सगळ्यांना ते पटलं, एक कैलास सोडून. त्याच्या गोठ्यात नऊ गाई होत्या आणि तो फोनवर जगभरचं बघायचा. एकदा किटली ओतता ओतता म्हणाला, 'वैनी, गाईला पण आस्साच पट्टा निघालाय. गळ्यात घालायचा. माजावर आली की फोनवर मेसेज.' रांगेतल्या चौघांनी ऐकलं. त्याच्या मनात काही नसावं, निदान तसं म्हणू या. हेमलता मशीनकडे बघत होती. 'फॅट तीन-आठ,' ती म्हणाली. 'डिग्री सव्वीस. पाणी कमी घाल.' नऊ वर्षांत तिनं आकड्यांपलीकडे काढलेला हा पहिला शब्द होता, आणि तोही त्याच सुरात.

सासूला, रत्नाबाईला, पट्टा मूल व्हावं म्हणून आहे हे माहीत होतं. पण तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. तिच्या माहितीत मनगटाला बांधायच्या गोष्टी म्हणजे गंडा, दोरा, ताईत. बांधला की त्यानं आपलं काम करायचं. हा डॉक्टरीणबाईचा, म्हणजे जास्त शिकलेला, एवढाच फरक. पट्टा सैल व्हायला नको म्हणून हेमलता झोपताना डाव्या हातातल्या बांगड्या उतरवायची. सवाष्णीचा हात मोकळा असणं रत्नाबाईला अशुभ वाटायचं, पण नातवासाठी तिनं तेही चालवून घेतलं. उलट अधूनमधून पट्ट्याला हळदीचं बोट लावायची. हेमलता ते ओल्या फडक्यानं पुसून टाकायची.

पाच महिने गेले. हसू पहिल्याच महिन्यात संपलं होतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत खिडकीचे चार दिवस म्हणजे बोअरची मोटर सुरू करण्यासारखं काम झालं. वेळेवर करायचं, बंद करायचं, विसरायचं. एकदा शैलेश भिंतीकडे तोंड करून म्हणाला, 'हेमा, आज न्हाई जमत.' ती म्हणाली, 'उद्याबी हाय.' दुसऱ्या दिवशी जमलं, आणि तिनं उठून लाल बदाम लावलं. त्या वेळी आपल्याला त्याच्याबद्दल काय वाटतं, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं होतं. काही सापडलं नाही. आपण दगड झालोय का, अशी भीती वाटली, पण तीही थोडा वेळच.

पाळी पाचही वेळा आली. पाचही वेळा फोननं लिहिलं, 'नवीन चक्राची आनंददायी सुरुवात.'

त्यातली पाचवी पाळी भाद्रपदात आली आणि ठरलेला शेवटचा, सहावा महिना सुरू झाला. पितृपक्ष चालू होता. त्याच आठवड्यात रत्नाबाईनं जेवताना सांगितलं, 'औंदा शैल्याला घटी बसवायचा हाय. म्या वाघजाईला बोललेय.'

घटी बसायचं म्हणजे नवरात्राचे नऊ दिवस गावच्या देवीच्या देवळात मुक्काम. फळ-दूध खायचं, घोंगडीवर झोपायचं, देवळाची पायरी उतरून घरी यायचं नाही, आणि बाईचा स्पर्श नाही. मध्येच जो उठला त्याचा नवस तर बुडालाच, वर गावावर संकट आलं तर तेही त्याच्याच नावावर. रत्नाबाईचा चेहरा खुलला होता. 'मनगटाला यंत्र हाय आन् देवळात पोरगा बसतुया. दोन्हीकडनं जोर लागल. पुढच्या नवरात्राला पाळणा हालतुया का न्हाई बघ.'

शैलेश मान खाली घालून जेवत होता. हेमलतानं हात धुतले, आत जाऊन फोन उघडला. पुढच्या महिन्याचे अंदाजाचे ठिपके फिकट हिरव्या रंगात आलेले होते. घट बसायच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवस. तिनं कॅलेंडरवर परत एकदा बघितलं, डेअरीत शंका आली की नमुना परत लावतात तसं. आकडा तोच.

तिनं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दसरा काढायला, म्हणजे घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या-वाकळा धुवायला, दोघी सासवासुना धरणाच्या पाण्यावर गेल्या होत्या. शेजारची गोजराबाईही होती. काठावरच्या खाचरांतलं भात पोटरीत आलं होतं, लोंब्या अजून आत होत्या. गोजराबाई ते बघून म्हणत होती, औंदा चांगलं निसवणार. हेमलतानं गोधडीचं एक टोक धरलं होतं, दुसरं रत्नाबाईनं. पिळता पिळता ती हळूच म्हणाली, 'आत्या, घटी बसायचं पुढच्या वर्षावर न्यायचं का? डॉक्टरीणबाईनं त्याच दिवसांत सांगितलं हाय.'

'काय सांगितलं हाय?'

'त्या दिवसांतच... करायचं ते.'

'गोळ्या का?' रत्नाबाई म्हणाली. 'घे की गोळ्या. उपासाला गोळ्या चालत्यात.'

'गोळ्या न्हाईत.'

'मग?'

गोजराबाईचा धोपटणं धरलेला हात वरच्या वर थांबला होता. ती कपड्याकडे बघत होती, पण कान इकडे होते. पाण्याचा आवाजही त्या वेळी नेमका कमी झाल्यासारखा वाटला. हेमलताला सगळे शब्द आठवले. माजावर येणं आठवलं, भरवणं आठवलं. त्यातला एकही सासूपुढे स्वतःबद्दल काढण्यासारखा नव्हता. खिडकी म्हणावं तर कुणाला कळणार.

'काय न्हाई,' ती म्हणाली.

'बोललेलं फिरवाया येत न्हाई, पोरी. देवीचं काम हाय,' रत्नाबाई म्हणाली आणि गोधडी झटकली. गोजराबाईचा हात पुन्हा चालू झाला.

शैलेशला तिनं त्याच दिवशी कॅलेंडर दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं. 'आता आईला काय सांगू म्या?' तो म्हणाला. 'दिवसबी मागंपुढं हुत्यात ना? आधी आले तर बघू.' दिवस मागंपुढं होतात हे खरं होतं. तिनं त्यावर हवाला ठेवला.

घट बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोननं अभिनंदन केलं. खिडकी अगदी तारखेला उघडली होती.

हेमलतानं डेअरी आटोपली, केळी आणि दूध घेतलं आणि देवळात गेली. पाऊस भुरभुरत होता. देवळाच्या मंडपात सात-आठ जण घोंगड्या टाकून बसले होते. शैलेश खांबाला टेकला होता. दाढी वाढायला लागली होती. त्याच्या शेजारी एकनाथतात्या, साठ वर्षांत तीस वेळा घटी बसलेले, जपाची माळ ओढत होते. तिनं पिशवी पायरीवर ठेवली. बाईनं पायरीच्या पुढे जायचं नव्हतं. जे बोलायचं ते आठ माणसांच्या देखत, दहा हातांवरून बोलायचं होतं.

'आवं,' ती म्हणाली, 'घरची खिडकी उघडली हाय.'

शैलेशनं वर बघितलं. त्याला कळलं, हे तिला दिसलं.

तो बोलायच्या आत एकनाथतात्यांनी माळ थांबवली. 'मग लावून घे की, बाई,' ते म्हणाले, 'एवढी पावसाची भुरभुर चाललीय, आत पानी येईल. त्यासाठी हितवर यायचं व्हय? तो काय आता उठतुया?'

दोघं-तिघं हसले. हेमलता शैलेशकडेच बघत होती. तिला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडेल. एकदा उठावंसं वाटेल, मग देवी आठवेल, आई आठवेल, आणि तो नाइलाजानं बसून राहील. तसं झालं असतं तर ती त्याला समजून घेणार होती. पण त्याचा चेहरा सैल झाला. शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर होतो तसा. नऊ दिवस त्याला कुणी काही करायला लावणार नव्हतं आणि त्यात त्याचा दोषही नव्हता.

'व्हय,' तो म्हणाला. 'लावून घे.'

ती वळली आणि चालायला लागली. रस्त्यानं येताना तिनं रागाची वाट पाहिली. राग आला नाही. त्याच्याऐवजी जे आलं त्याची तिला जास्त लाज वाटली. तिलाही सुटल्यासारखं वाटत होतं. चार दिवस अंग आपलं आपल्यापाशी राहणार होतं. तिनं घरी जाऊन भात लावला आणि पोटभर जेवली. त्या चारही सकाळी फोनवर हिरवे ठिपके येत राहिले. पाचव्या दिवशी ठिपका करडा झाला.

दसऱ्याला शैलेश घरी आला. रत्नाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कोजागरी झाली आणि दोन दिवसांनी हेमलताला पाळी आली. तिनं तारीख नोंदवली. रत्नाबाई दोन दिवस धड जेवली नाही. हेमलता जेवली.

बावधनला जायच्या दिवशी शैलेशला रिसॉर्टवर काम निघालं. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा लावायच्या होत्या. 'म्या येते संगं,' रत्नाबाई म्हणाली. 'बघू तरी डॉक्टरीणबाई काय म्हणत्यात. यंत्रात तर काय बिघाड न्हाई?'

स्वरदा मॅडमनी फोन आपल्या कॉम्प्युटरला जोडून घेतला आणि सहा महिन्यांचे आलेख पडद्यावर आणले. पाच महिन्यांवर लाल बदामं होती. सहाव्यावर एकही नव्हतं. मॅडमनी चष्मा वर केला.

'या वेळी एकही दिवस नाही? आणि हाच महिना सगळ्यात छान होता. बघा, बाकीच्या महिन्यांत वरखाली आहे, इथे कसं स्वच्छ चढलंय. मिस्टर गावाला गेले होते का?'

'घटी बसले होते,' हेमलता म्हणाली.

'म्हणजे?'

हे सांगायला रत्नाबाई पुढे सरसावली. शहरातल्या शिकलेल्या बाईला काही समजावून सांगायची संधी रोज येत नाही. 'नऊ दिस देवीच्या देवळात बसायचं. घरला यायचं न्हाई. बाईमाणसाचा हात लावून घ्यायचा न्हाई. लई कडक असतंय.'

'अच्छा. कशासाठी असतं ते?'

'पोरासाठीच की,' रत्नाबाई म्हणाली. 'मूल व्हावं म्हनून बसवला.'

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पडदा रत्नाबाईकडे वळवला आणि पेनानं एकेक हिरवा ठिपका दाखवत, तिला कळेल अशा साध्या शब्दांत सांगितलं. हा पट्टा काही देत नाही, फक्त दिवस सांगतो. महिन्यातले एवढेच चार दिवस. त्या दिवसांत नवरा जवळ हवा. रत्नाबाई ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती दिवस मोजत होती, पहिली माळ, दुसरी माळ, तिसरी. पाचव्या माळेला थांबली. मग तिनं हेमलताकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

'म्या बाहीर बसते,' ती म्हणाली आणि टेबलाला हात टेकून उठली.

ती गेल्यावर मॅडमनी रक्ताचा नवा रिपोर्ट पुढे केला. बीजांच्या साठ्याचा आकडा पहिल्या तपासणीत, एप्रिलमध्ये, होता त्याच्या निम्मा. 'हेमलता, स्पष्ट सांगते,' त्या म्हणाल्या. 'टेस्ट ट्यूब करायचं तर दोन महिन्यांत ठरवा, मिस्टरांशी बोला. नंतर तुमची स्वतःची बीजं मिळतील असं मी सांगू शकत नाही. या साठ्यावर वर्षभर थांबता येणार नाही.' हेमलतानं आकडा वाचला. शैलेश काय म्हणेल ते तिला माहीत होतं. तिनं रिपोर्ट पर्समध्ये टाकला आणि आभार मानून उठली.

चांदणी चौकाच्या अलीकडे दोघी मुळशीच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या. डोक्यावरून पुलाची वाहतूक चालली होती. रत्नाबाईनं पदर तोंडाला लावला होता. ती रडत नव्हती, पण पदर काढतही नव्हती. पदराआडूनच ती म्हणाली, 'मला का न्हाई सांगितलंस?'

'कसं सांगू, आत्या?' हेमलता म्हणाली.

दोन गाड्या गेल्या, दोन्ही भरलेल्या. मग रत्नाबाईनं हेमलताचं मनगट धरलं. अकरा वर्षांत तिनं सुनेचा हात असा कधी धरला नव्हता.

'पुढच्या वर्षी न्हाई बसवायचा त्याला,' ती म्हणाली. 'कुनी काय म्हनू दे. देवीचे पाय म्या धरीन. पुढच्या वर्षी तो घरीच ऱ्हाईल.'

हेमलतानं त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं आणि कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी लागलं. तिला सासूची दया आली. पर्समधला रिपोर्ट तिनं बाहेर काढला नाही.

'बरं, आत्या,' ती म्हणाली. 'पुढच्या वर्षी.'